नदीकाठची झाडे आणि कॅमेऱ्याची काच

चित्रांच्या प्रदर्शनाविषयी नभोवाणीवरून बोलणे म्हणजे पंगतीला बसलेल्या मंडळींस पक्वान्नांची नुसती यादी वाचून दाखविण्यासारखे आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला निमूटपणे मान्य करावा लागेल. श्रोत्यांपुढे भिंत नाही, भिंतीवर चौकट नाही आणि चौकटीत चित्रही नाही. तथापि आजच्या माझ्या विषयाला ही अडचण काहीशी पथ्यावरच पडणारी आहे. ज्या वनस्पतींच्या छायाचित्रांविषयी मी बोलणार आहे, त्या मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून हजारो डोळ्यांपुढून रोज सरकत असतात. विरार मागे पडते, वैतरणेचा लांबलचक पूल धडधडत जातो, मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर ही स्टेशने येतात. आणि या वाटेवर ठिकठिकाणी रुळांच्या दोहो बाजूंस करड्या-हिरव्या झुडपांची, लव्हाळ्यांची, डबक्यांतील तरंगत्या पानांची पट्टी गाडीबरोबर चालत असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. डोळ्यांपुढे असूनही जी वस्तू दिसत नाही ती दाखविणे, हे छायाचित्रकलेचे एक मोठे काम आहे; आणि ते कसे चालते हे सांगण्यास चित्र समोर नसले तरी भागेल.

तेव्हा आज आपण एक प्रदर्शन मनातच मांडू. सूर्या आणि वैतरणा या दोन नद्यांच्या पात्रांत, काठांवर आणि खाड्यांत वाढणाऱ्या वनस्पती हा त्याचा विषय. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि अर्नाळा व दातिवरे यांच्यामध्ये समुद्रास मिळते. सूर्या तिला वाटेत येऊन मिळते. दालनात शिरताना सह्याद्रीचा पायथा आणि बाहेर पडताना सातपाटी-मुरब्याची खाडी, अशा क्रमाने चित्रे लावू.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञही झाडाचे छायाचित्र घेतो आणि कलावंतही घेतो. पण दोघांचे मागणे निराळे. शास्त्रज्ञास त्या जातीचे कोणतेही एक झाड चालते; पान, फूल, फळ स्पष्ट दिसले की त्याचे काम झाले. कलावंतास मात्र हेच झाड, याच जागी, याच घटकेला हवे असते. एकाला जात पाहिजे, दुसऱ्याला व्यक्ती. अर्थात हा भेद तितकासा कडेकोट नाही, आणि तो पहिल्यापासूनच ढिला आहे. छायाचित्रांनी सजविलेले जगातील पहिले पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते पाण्यातील वनस्पतींचेच होते. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज विदुषीने १८४३ साली समुद्रशैवालांची चित्रे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिच्याजवळ कॅमेरा नव्हताच असे म्हटले तरी चालेल; निदान या कामी तो तिला लागला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन हर्शेल यांनी निळ्या ठशांची एक रीत शोधून काढली होती. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला फासावयाचे, कागद अंधारात सुकवावयाचा, त्यावर वनस्पती ठेवून वर काच दाबावयाची आणि सगळे उन्हात मांडावयाचे. ऊन लागले तेथे क्षारांचा संयोग होऊन गर्द निळा रंग धरतो. वनस्पतीची सावली पडली तेथील क्षार तसेच राहतात व पाण्याने धुतले की निघून जातात. निळ्यावर पांढरी आकृती उरते. शैवाल पाण्याबाहेर काढले की त्याचा लगदा होतो, त्यामुळे चित्रकाराला ते रेखाटणे महाकठीण; उन्हाने ते काम बसल्या जागी केले. शाळकरी मुलांना सुट्टीत करावयास हा प्रयोग फार चांगला आहे, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.

दुसरे नाव घ्यावयाचे ते बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे. हा गृहस्थ कलाशाळेत शिक्षक होता. विद्यार्थ्यांना नक्षीकामाचे नमुने दाखविता यावेत म्हणून तो रानातली क्षुद्र झुडपे, देठ, कोंब आणून साध्या करड्या पडद्यापुढे उभी करी आणि स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्याने त्यांची कित्येक पटींनी, काही तर तीस पटींनी, मोठी छायाचित्रे घेई. अनेक वर्षे हे काम कोणास ठाऊक नव्हते. १९२८ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याचे पुस्तक निघाले आणि युरोपात खळबळ उडाली. ती चित्रे पाहताना नेच्याचा उमलता कोंब लोहाराने वळविलेल्या कमानीसारखा वाटतो, एखादा देठ देवळापुढच्या दीपमाळेसारखा. आजही कलात्मक वनस्पतिचित्र म्हटले की पुष्कळांच्या मनापुढे हाच नमुना येतो: मोकळी पार्श्वभूमी, एकच झाड, आणि बाकीचे जग पुसून टाकलेले.

मुंबईकरांनी या बाबतीत न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. येथे छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या काळातील नाणावलेले छायाचित्रकार होते. मात्र त्या पिढीचा कॅमेरा माणसांचे पोशाख, लेणी आणि इमारती यांच्याकडे वळलेला होता, चिखलाकडे नव्हे. चिखलाकडे वळले ते वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत निघाला, आणि इलाख्यातील कांदळवनांवर फादर ब्लॅटर यांनी १९०५ साली स्वतंत्र लेख लिहिला. त्यांच्या नावाचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात आहे. त्यातला एखादा कागद पाहावा. झाड चपटे झालेले, फुलाचा रंग मातकट. सौंदर्याच्या नावाने सगळा आनंद. पण कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: झाडाचे नाव, सापडल्याची जागा, तारीख, वेचणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी आपण ध्यानात ठेवू. पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे.

आता दालनात शिरू. पहिले चित्र नदीच्या खडकाळ पात्राचे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या पात्रांत, जेथे पावसाळ्यात पाण्याचा लोंढा हत्तीलाही वाहून नेईल, तेथे खडकांच्या फटींत एक झुडूप उभे असते. त्याला शेरणी म्हणतात. पाने अरुंद, करवतीच्या पात्यासारखी लांब. फांद्या वेतासारख्या लवचिक. मुळे फटींत अशी घट्ट रुतलेली की उपटू म्हटले तर कातळ हलेल, ती हलणार नाहीत. महापुरात टिकून राहणाऱ्या लव्हाळ्याची उपमा आपल्या संतवाङ्मयात नम्रतेला दिलेली आहे. परंतु शेरणीचे प्रकरण त्याहून पुढचे आहे. तिला पूर सोसावा लागतो असे नाही, तिला पूर हवा असतो. दरवर्षी लोंढा येऊन पात्र घासून जातो, मोठ्या झाडांची रोपे धुऊन निघतात, साचलेला गाळ निघून जातो, आणि त्या उघड्या कातळावर शेरणीला स्पर्धा करणारे कोणी उरत नाही. पूर आला नाही तर काही वर्षांत काठावरची आडदांड झाडे आत सरकतात आणि तिची जागा घेतात.

ही गोष्ट एका चित्रात कशी दाखवावी? मेमध्ये काढलेल्या चित्रात शेरणी कोरड्या धोंड्यांत तांबूस कोवळी पालवी घेऊन उभी दिसेल. जुलैत त्याच जागेवरून काढलेल्या चित्रात नुसते मातकट पाणी दिसेल, ती त्याखाली असेल. दोन्ही चित्रे शेजारी लावली म्हणजेच तिची कथा पुरी होते. माझ्या मते नदीकाठच्या वनस्पतींच्या बाबतीत ब्लॉसफेल्टची रीत येथेच अपुरी पडते. करड्या पडद्यापुढे शेरणीची डहाळी सुंदर दिसेल, पण ती शेरणी राहणार नाही. तिच्यातून नदी वजा झालेली असेल.

आणि नदी खरोखरच वजा होत चालली आहे. सूर्येवर धामणीचे धरण आणि त्याखाली कवडासचा बंधारा आहे; तिचे पाणी शेतीबरोबरच वसई-विरारकडच्या शहरांकडे नेण्यात आले आहे. वैतरणेच्या खोऱ्यातील तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून आणि मध्य वैतरणा २०१४ पासून मुंबईच्या नळांना पाणी पुरवीत आहेत. हे पाणी आपण सारेच पितो, तेव्हा त्याविरुद्ध तावातावाने बोलण्याचा अधिकार मला तरी नाही. परंतु पुराला वेसण घातली की शेरणीचे काय होते, हे आपण नळ सोडताना जाणून असावे, एवढे म्हणणे गैर होणार नाही.

येथे कायद्याची एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे हसण्याजोगी नव्हे. पाणथळ जागांच्या रक्षणाकरिता इराणातील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८२ साली आपला देश त्यात सामील झाला. त्या कराराची व्याख्या मोठी उदार आहे. दलदल, तळे, नदी, खाडी, नैसर्गिक असो वा मनुष्यकृत, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रसुद्धा तिच्यात येतो. महाराष्ट्रात त्या यादीत नांदूरमधमेश्वर, लोणार आणि २०२२ पासून ठाण्याची खाडी, अशी स्थळे आहेत. परंतु आपल्याकडील २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांत व्याख्येला अपवाद जोडले गेले, आणि त्यांत नदीचे पात्र, भातखाचरे, मिठागरे आणि पिण्याच्या वा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव हे सारे वगळले गेले. म्हणजे खाडीतले कांदळवन किनारा-नियमनाच्या अधिसूचनेने रक्षिलेले. पण पात्रात उभी असलेली शेरणी या नियमांच्या दृष्टीने पाणथळ जागेत उभीच नाही! जिचे पाय वर्षातून चार महिने पुरात असतात, तिला पाणवनस्पती म्हणावयास नियम तयार नाही. पालघरच्या भातखाचरांतही हीच अवस्था. तेथे पावसाळ्यात बांधांच्या कडेला जांभळी इवली फुले उमलतात. त्यांतील काहींना आपल्या लोकांनी सीतेची आसवे असे नाव दिले आहे. ही वनस्पती मुळांजवळच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक किडे ओढून घेऊन पचविते, हे ऐकून नावातली करुणा थोडी कमी होते खरी.

पुढचे चित्र सपाटीवरच्या तळ्यांचे. येथे फार वेळ थांबण्याचे कारण नाही, कारण कमळांची चित्रे आपण दिनदर्शिकांवर पुरेशी पाहिली आहेत. कमळ आणि कुमुद यांत लोक घोटाळा करतात, तो तेवढा येथे दूर करावा. कमळाचे पान बिनचिरेचे, छत्रीसारखे, पाण्याच्या वर उंच उचललेले. त्यावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा लोळतो, कारण पृष्ठभागावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि थेंबाला बसावयास जागाच सापडत नाही. कुमुदाचे पान पाण्यावर पसरलेले आणि देठापर्यंत चिरलेले. छायाचित्रकाराला येथे खरी अडचण येते ती चकाकीची. पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंब इतके झगमगते की खालची पाने, देठ, मासोळ्या काही दिसत नाही. त्यावर पोलरायझर नावाची काच भिंगापुढे लावतात. पाण्यावरून परावर्तन पावलेला प्रकाश एका ठराविक दिशेनेच कंपत असतो. पृष्ठभागाशी सुमारे सदतीस अंशांचा कोन करून पाहिले तर तो जवळजवळ संपूर्णपणे तसा असतो, आणि काच योग्य रीतीने फिरविली की ती त्याला अडविते. क्षणात पाण्यावरचा पडदा दूर होतो व तळ दिसू लागतो. अर्थात आकाश ठेवावयाचे की तळ दाखवावयाचा, हे काच ठरवीत नाही.

याच भिंतीवर बोईसरजवळच्या एखाद्या नाल्याचे चित्र असावयास हवे. तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात रसायनांच्या व औषधांच्या कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वांत वर होते, शंभरांपैकी ९३.६९ गुण, आणि येथे अधिक गुण म्हणजे अधिक घाण. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या वतीने, २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरावर कारखान्यांना भरपाई भरण्यास फर्माविले. हा झाला इतिहास. आता चित्र पाहा. संथ काळे पाणी, त्यावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा, आणि त्यातून वर आलेले फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. प्रत्येक तुऱ्यातल्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. सकाळच्या तिरप्या उन्हात हे दृश्य असे देखणे दिसते की कोणीही ते विकत घेऊन दिवाणखान्यात लावील. पण जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाण्यात सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद जितके अधिक येईल तितकी ती माजते, आणि तिच्या गालिच्याखाली प्राणवायू संपून मासे मरतात. चित्र खोटे नाही. त्यातला एकही रंग छायाचित्रकाराने बनविलेला नाही. तरीही पाहणारा फसतो.

असाच मी एकदा फसलो आहे आणि फसविलेही आहे. काही वर्षांपूर्वी एका खाडीच्या आतल्या बाजूस, पहाटेच्या धुक्यात, आरशासारख्या निश्चल पाण्यात उभ्या असलेल्या पर्णहीन झाडांचे एक छायाचित्र मी घेतले. पांढऱ्या फांद्या, खाली त्यांचे प्रतिबिंब, मध्ये एक बगळा. मला ते माझे सर्वोत्तम चित्र वाटले. मोठे करून, चौकट घालून मी ते बैठकीत लावले. येणारा प्रत्येक जण त्याची वाखाणणी करी. एके दिवशी कामानिमित्त खाडीकाठच्या गावातले एक वृद्ध कोळी गृहस्थ घरी आले. चहा घेता घेता त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे मेलेलं तिवर घरात कशाला लावलंत? बांध घातलेला दिसतोय तिथं.” मला तोवर हे ठाऊकच नव्हते की त्या पाण्याला आरशाचे रूप आले होते ते ओहोटीचे जाणेयेणे कोणी तरी थांबविले म्हणून.

हे नीट समजण्यासाठी तिवराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्या दालनाचा हा सर्वांत मोठा भाग आहे, आणि पालघरच्या खाड्यांत सर्वाधिक दिसणारे झाडही हेच. भरतीचे पाणी जेथपर्यंत येते तेथल्या चिखलात, वरच्या पातळ थराखाली, प्राणवायू जवळजवळ नसतो. चिखल काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो तो यामुळेच. अशा जागी मुळांनी श्वास कोठून घ्यावा? तिवराची मुळे जमिनीखाली आडवी, लांबवर पसरतात आणि त्यांतून पेन्सिलीएवढे उभे कोंब चिखलाबाहेर डोके काढतात. त्यांवर बारीक छिद्रे असतात. ओहोटी लागून कोंब उघडे पडले की त्यांतून हवा आत जाते. भरतीत छिद्रे पाण्याखाली जातात आणि झाड पुढच्या ओहोटीची वाट पाहते. म्हणजे या झाडाचा श्वास चंद्राच्या हाती आहे, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. एका मध्यम झाडाभोवती असे हजारो कोंब असतात. उभ्याने पाहिले तर ते नुसते खिळ्यांचे रान वाटते. पण उंचावरून, सूर्य कलता असताना, प्रत्येक कोंबाची सावली लांब पडलेली असताना छायाचित्र घ्यावे, म्हणजे त्यांच्या रांगा दिसू लागतात: बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या. जमिनीखालचे जे मूळ कोणी पाहिले नाही, त्याचा नकाशा वर उमटलेला असतो.

आता त्या बांधाचा विचार करा. कुऱ्हाड चालविण्याची गरज नाही. खाडीचे तोंड मातीने बुजविले की आतले पाणी साचून राहते, कोंब रात्रंदिवस बुडून जातात, आणि काही काळातच झाडे गुदमरून उभीच्या उभी मरतात. पाने गळतात, साल सुटते, लाकूड उन्हाने पांढरे होते. पुढे कोणी विचारले तर येथे झाडे आपोआप वाळली, असे सांगता येते. उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरविला आणि लोकहिताच्या कामासाठीसुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यांस हात लावू नये असा निर्णय दिला. त्या निर्णयामुळेच मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेला मुंबई, ठाणे आणि पालघर येथील सुमारे २०,००० कांदळझाडे तोडण्याकरिता न्यायालयात जावे लागले. परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. तोडलेल्या झाडांची अशी मोजणी होते, बदल्यात लावावयाच्या झाडांची संख्या ठरते. बांधाने गुदमरलेल्यांची मोजणी कोण करतो?

तिवराच्या पानांवर मीठ फुलते, तेही चित्राचा विषय होण्याजोगे आहे. खाऱ्या पाण्यातून शोषलेले जास्तीचे मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. उन्हाळ्यात पान आडव्या उजेडात धरले तर स्फटिक चमकतात, जिभेला लावले तर खारट लागते. पाऊस पडला की सगळे धुऊन जाते. कांदळाची गोष्ट निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे लांब रोप फांदीला लोंबत राहते, मग कधी तरी सुटून खाली चिखलात रुतते किंवा पाण्याबरोबर प्रवासास निघते. आणि पांढरी चिप्पी, जिला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला, ती छायाचित्रकाराची कसोटीच घेते. तिचे फूल संध्याकाळी उमलते. पांढऱ्या केसरांचा जणू चवरीसारखा झुबका. रात्री वटवाघळे आणि पतंग येतात. सकाळ होईपर्यंत केसर गळून चिखलात पडलेले असतात आणि देठावर हिरवी चांदणी तेवढी उरते. दिवसा हिंडणाऱ्या छायाचित्रकाराने चिप्पीचे फूल पाहिलेलेच नसते.

प्रदर्शनातून बाहेर पडण्यापूर्वी एका चित्रकाराची आठवण करणे भाग आहे, कारण हा त्याचा मुलूख. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, १९३४ साली जन्मलेले, २०११ साली पद्मश्रीने गौरविलेले आणि २०१८ साली दिवंगत झालेले, यांनी वारली चित्रकला घराच्या भिंतीवरून कागदावर आणली. गेरूच्या किंवा शेणाच्या रंगावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला कुंचला. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत जाळ्याचा एकेक धागा निराळा काढलेला असतो. कोऱ्या भिंतीवर वारली चित्रकार काहीच नसल्यापासून सुरुवात करतो आणि आवश्यक तेवढेच आणून ठेवतो. छायाचित्रकारापुढे सगळेच आधी हजर असते आणि त्याला टाकून द्यावे लागते. आपण काय टाकले, हे त्याने निदान स्वतःशी तरी कबूल करावे. माझ्या त्या चित्रात मी चौकटीच्या डाव्या कडेबाहेर टाकला होता तो बांध. मुद्दाम नव्हे, मातीचा ढिगारा कुरूप दिसत होता म्हणून.

येथे ती वाळलेल्या झाडाच्या कागदावरची चिठ्ठी परत येते. कलाचित्रांच्या प्रदर्शनात चित्राखाली काही लिहिणे हे पुष्कळ कलावंतांस कमीपणाचे वाटते. चित्राने स्वतःच बोलावे, असे ते म्हणतात. चेहऱ्याच्या किंवा डोंगराच्या चित्रापुरते ते मान्य करू. पाणवठ्याच्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र मी या पंथाचा नाही. झाडाचे स्थानिक नाव, जागा, तारीख, आणि खाडीचे चित्र असेल तर तिथी आणि भरती-ओहोटीची वेळ, एवढे चार शब्द खाली असलेच पाहिजेत. तिथी नसेल तर कोंब उघडे आहेत ते ओहोटीमुळे की पाणी आटल्यामुळे हे पाहणाऱ्यास कळणार नाही. शिवाय जागा आणि तारीख असली की दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच ठिकाणी उभे राहून दुसरे चित्र घेता येते. ते माझे चित्र मी अजून भिंतीवरून उतरविलेले नाही. खाली एक कागद डकविला आहे आणि त्यावर लिहिले आहे: तिवर, बांधाच्या आतल्या बाजूस, मृत.

ज्या श्रोत्यांना पालघरकडे जाऊन हे स्वतः पाहावयाचे असेल त्यांच्याकरिता वेळेचा हिशेब सांगून पुरे करतो. किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो पूर्ण भरतीचा सुमाराचा ताास. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडा फरक जागेप्रमाणे पडतो, तेवढा धरावा. यावरून दिसून येईल की उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमके ऊन आडवे असताना. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, भांगाची असल्याने पाणी फारसे मागे जात नाही, आणि डोक्यावरच्या उन्हात कोंबांच्या सावल्याही पडत नाहीत. पौर्णिमेला सायंकाळच्या ओहोटीस गेल्यास परतताना चिप्पी उमललेली सापडण्याचा संभव आहे. चिखल गुडघ्यापर्यंत लागतो, आणि कोंब फार टणक असतात. त्यांच्यावर पाय न देता, काठाकाठाने चालावे.